गाणी जागेवर, यादी गायब

लेखमाला : हाताशी असलेलं तंत्र
लेखांक ७

मेमरी कार्ड आणि पेन ड्राइव्ह कसं निवडावं, हे मागच्या आठवड्यात पाहिलं. आज त्याच कार्डावर राहणाऱ्या, पण फार कमी जण जिची काळजी घेतात अशा एका गोष्टीबद्दल : गाण्यांची यादी, म्हणजे प्लेलिस्ट.

पेणहून पनवेलच्या दिशेने रेल्वेने निघालं की पहिलं स्टेशन लागतं हमरापूरचं. हमरापूर, जोहे, कळवे, तांबडशेत हा सगळा पट्टा गणेशमूर्तींच्या कारखान्यांचा. साचे भरणं, मूर्ती घासणं, रंग, आखणी अशी कामं इथे वर्षाचा मोठा भाग चालतात आणि पावसाळा लागला की जोर धरतात. एका जागी बसून तासन्‌तास करायच्या अशा कामाला गाण्यांची सोबत हवीच. हात शाडूने किंवा रंगाने माखलेले असताना दर गाण्याला उठून बटण दाबणं शक्य नसतं. म्हणून यादी लागते : सकाळी अभंग, दुपारी कोळीगीतं, संध्याकाळी जुनी सिनेमाची गाणी. पुढे गणपती बसले की आरत्यांची यादी लागते, आणि तिथे तर क्रमालाच महत्त्व. गणपतीची, शंकराची, देवीची, विठ्ठलाची, दत्ताची आरती आणि शेवटी मंत्रपुष्पांजली. हा क्रम बिघडला तर जमलेल्या सगळ्यांचा सूर चुकतो.

अशी यादी एके दिवशी दिसेनाशी होते. लाइट जाऊन येते, कार्ड एका डब्यातून काढून दुसऱ्यात घातलं जातं, मोबाइलच्या दुकानातून नवी गाणी भरून आणली जातात आणि यादीच्या जागी रिकामा पडदा दिसतो. अशा वेळी बहुतेक जण कार्ड फॉरमॅट करून सगळं नव्याने भरतात. नेमकं तेच करायचं नाही, कारण दहापैकी नऊ वेळा कार्डावरचं फार थोडं बिघडलेलं असतं आणि फॉरमॅटमुळे उरलेलं सगळं जातं.

यादीत गाणी नसतात

लग्नाच्या पाहुण्यांची यादी फाटली म्हणून पाहुणे नाहीसे होत नाहीत. फक्त कोण कुठे राहतं हे सांगणारा कागद जातो. प्लेलिस्टचं तसंच आहे. तिच्यात एकही सूर साठवलेला नसतो. कोणतं गाणं कोणत्या फोल्डरात आहे, एवढा पत्ता एकेका ओळीत लिहिलेला असतो.

सगळ्यात प्रचलित प्रकार एमथ्रीयू नावाच्या फाइलचा. तो १९९०च्या दशकात विनप्ले-थ्री या प्रोग्रॅमबरोबर आला आणि १९९७ साली आलेल्या विनॅम्पने तो घराघरांत पोहोचवला. एमपी-थ्री वाजवणारा पहिला खिशात मावणारा प्लेयर, दक्षिण कोरियाचा एमपीमॅन, १९९८ साली बाजारात आला तेव्हा त्यात ३२ एमबी जागा होती. जेमतेम सात-आठ गाण्यांची. त्याला यादीची गरजच नव्हती. आज ३२ जीबीच्या कार्डावर हजारो गाणी मावतात आणि यादीशिवाय त्यांत काही सापडत नाही.

एमथ्रीयू ही साधी मजकुराची फाइल आहे. कार्ड कॉम्प्युटरला लावा आणि ती नोटपॅडमध्ये उघडा. आतली ओळ बहुधा अशी दिसेल :

ई:\गाणी\आरती\०१ गणपतीची आरती.एमपी३

किंवा अशी :

आरती\०१ गणपतीची आरती.एमपी३

पहिल्या ओळीत दुखणं उघड दिसतं. 'ई' हे अक्षर त्या दिवशी त्या कॉम्प्युटरने कार्डाला दिलेलं होतं. प्लेयरला 'ई' ठाऊक नाही. यादी त्याला दिसते, पण दिलेल्या पत्त्यावर घरच सापडत नाही. दुसऱ्या ओळीतला पत्ता यादीची फाइल जिथे आहे तिथून पुढचा आहे. म्हणून कार्ड कुठेही लावलं तरी तो लागू पडतो, फक्त यादी आणि 'आरती' हे फोल्डर एकाच ठिकाणी हवं. नोटपॅडच्या 'रिप्लेस'मध्ये 'ई:\गाणी\' एवढा भाग देऊन त्याजागी काहीच लिहू नका. शंभर ओळी एका फटक्यात दुरुस्त होतात. मग ती फाइल 'गाणी' फोल्डरमध्ये ठेवा. काही प्लेयर उलट्या तिरक्या रेघेऐवजी सरळ तिरकी रेघ मागतात. पहिल्याने जमलं नाही तर तेवढा बदल करून पाहा.

प्लेयरला स्वतःची मेमरी आणि वर कार्डाची खाच असेल तर आणखी एक गोष्ट तपासा. यादी आतल्या मेमरीत आणि गाणी कार्डावर, अशी फाटाफूट बऱ्याच प्लेयरना चालत नाही. दोन्ही एकाच जागी ठेवा.

चौकोन, कचरा आणि प्रश्नचिन्हं

मराठी नावांच्या फाइलींचा त्रास वेगळा असतो. तो ओळखायला आला तर अर्धं काम होतं.

प्लेयरच्या पडद्यावर अक्षरांऐवजी रिकामे चौकोन दिसत असतील आणि गाणी मात्र वाजत असतील, तर यादीला काही झालेलं नाही. त्या प्लेयरमध्ये देवनागरी फाँट नाही, एवढंच. काहीही दुरुस्त करू नका.

यादी कॉम्प्युटरवर उघडल्यावर डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन 'ए' पुन्हा पुन्हा दिसत असेल, मधूनमधून विचित्र चिन्हं असतील, तरी घाबरायचं कारण नाही. यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. 'गणपती' हा शब्द पाच चिन्हांचा, कारण शेवटची वेलांटीही वेगळी मोजली जाते. म्हणजे पंधरा बाइट. त्या पंधरा बाइटना कोणी पंधरा वेगवेगळी रोमन चिन्हं समजून वाचलं की हा कचरा दिसतो. बाइट शाबूत असतात, वाचण्याची रीत चुकलेली असते. फाइल उघडताना 'एन्कोडिंग'मध्ये यूटीएफ-८ निवडली की नावं परत येतात. जुने प्लेयर साध्या एमथ्रीयू फाइलीला यूटीएफ-८ मानत नाहीत. अशा वेळी फाइलच्या नावाचा शेवट 'एमथ्रीयू-एट' असा करा. हा प्रकार यूटीएफ-८ साठीच आहे.

फाइलमध्ये अक्षरांच्या जागी खरोखरची प्रश्नचिन्हं असतील तर मात्र नुकसान झालं आहे. कोणीतरी ती यादी 'अँसी' पद्धतीने सेव्ह केली. त्या पद्धतीत देवनागरीला जागा नाही, म्हणून प्रत्येक चिन्हाऐवजी एक प्रश्नचिन्ह लिहिलं गेलं. मूळ नावं त्या फाइलीतून पुसली गेली. ती कोणत्याही युक्तीने परत येत नाहीत, जुनी प्रत शोधावी लागते. म्हणून नोटपॅडने सेव्ह करताना 'काही अक्षरं हरवतील' असा इशारा दिला तर तिथेच थांबा.

यूटीएफ-८ मध्ये सेव्ह करूनही यादीतलं फक्त पहिलंच गाणं वाजत नसेल, तर फाइलच्या सुरुवातीला तीन बाइटची एक अदृश्य खूण बसलेली असू शकते. तिला 'बॉम' म्हणतात. काही प्लेयर ती पहिल्या पत्त्याचाच भाग समजतात. 'बॉमशिवाय' हा पर्याय निवडून पुन्हा सेव्ह करा. विंडोज १० च्या २०१९च्या अपडेटपासून नोटपॅड आपणहून बॉमशिवाय सेव्ह करतं.

आणि एक खास मराठी अडचण : 'ऱ'. 'वारकऱ्यांचे अभंग' असं फोल्डर आहे असं धरू. यातला 'ऱ' युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो : स्वतंत्र अक्षर म्हणून, किंवा साधा 'र' आणि त्याखाली नुक्ता अशी जोडी म्हणून. शिवाय काही कीबोर्ड 'र', हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह अशा तिसऱ्याच मार्गाने तो काढतात. पडद्यावर 'ऱ्या' सारखाच दिसतो, पण यंत्राला ती वेगळी नावं वाटतात. फोल्डरचं नाव मोबाइलवर टाइप केलेलं आणि यादी कॉम्प्युटरवर केलेली असली की नेमकी हीच गाणी वाजत नाहीत, बाकीची वाजतात. उपाय सोपा आहे : नाव पुन्हा टाइप न करता फोल्डरवरून कॉपी करून यादीत पेस्ट करा. त्याहून खात्रीचा उपाय म्हणजे फाइल आणि फोल्डर यांना साधी रोमन नावं द्यायची आणि मराठी शीर्षक गाण्याच्या आतल्या माहितीत, म्हणजे टॅगमध्ये लिहायचं.

यादी नसलेले डबे

कार्ड आणि पेन ड्राइव्ह घालायच्या स्वस्त स्पीकरमध्ये अनेकदा यादी वाचायची सोयच नसते. गाणी ज्या क्रमाने कार्डावर लिहिली गेली त्याच क्रमाने ती वाजतात. नावाच्या अकारविल्हे क्रमाशी त्याचा संबंध नसतो. म्हणून कार्ड बदललं की आरत्यांचा क्रम विस्कटतो आणि 'यादी गेली' असं वाटतं.

इथे नावापुढे ०१, ०२, ०३ असे आकडे घाला. नुसता १, २, ३ नको. कारण काही यंत्रं १ नंतर १० घेतात आणि २ मागे पडतो. मग ते फोल्डर नावाच्या क्रमाने लावा, सगळ्या फाइली निवडा आणि रिकाम्या फोल्डरमध्ये एकदम कॉपी करा. माउसने ओढत असाल तर पहिल्या फाइलीवर धरून ओढा. मधल्या फाइलीवर धरलं तर कॉपी तिथून सुरू होते आणि वाजतानाही तेच गाणं आधी येतं.

गाणी आधीच भरून येणाऱ्या प्लेयरचं वेगळं असतं. सारेगामाचा 'कारवां' २०१७ साली आला, त्यातल्या गाण्यांच्या याद्या कंपनीने ठरवलेल्या आहेत. आपल्या पसंतीची वेगळी गाणी हवी असतील तर ती पेन ड्राइव्हवरून वाजवायची.

जुना आयपॉड असेल तर हाताने फाइली शोधू नका. त्यात गाण्यांना चार अक्षरांची निरर्थक नावं दिलेली असतात आणि खरी नावं व याद्या एका वेगळ्या डेटाबेसमध्ये असतात. नव्या कॉम्प्युटरला जोडल्यावर 'इरेज अँड सिंक' विचारलं तर नकार द्या. होकार दिला की जुन्या गाण्यांसकट याद्या पुसल्या जातात. ॲपलने २०२२ साली आयपॉड बनवणं थांबवलं, त्यामुळे आता कपाटात असलेले आयपॉड जपण्यासारखेच आहेत.

मोबाइलवर याद्या बहुतेकदा त्या-त्या ॲपच्या पोटात असतात. ॲप काढलं किंवा त्याचा 'डेटा क्लिअर' केला की यादी जाते, गाणी राहतात. त्याआधी ॲपमध्ये 'एक्स्पोर्ट प्लेलिस्ट' आहे का ते पाहा.

गाणीच दिसत नसतील तर

यादीबरोबर गाणीही दिसेनाशी झाली तर या क्रमाने जा.

१. प्लेयर बंद करून पुन्हा चालू करा आणि थांबा. अनेक प्लेयर सुरू होताना कार्डावरची सगळी गाणी वाचून स्वतःची सूची तयार करतात. सूची लिहिली जात असताना लाइट गेली किंवा कार्ड ओढलं गेलं तर ती अर्धवट राहते. सेटिंगमध्ये 'रिफ्रेश' किंवा 'रिबिल्ड' असेल तर ते चालवा.

२. कार्ड कॉम्प्युटरला लावून पाहा. फोल्डरांच्या जागी शॉर्टकट दिसत असतील तर तो व्हायरस आहे. दुकानादुकानांतून फिरणाऱ्या पेन ड्राइव्हना तो हमखास लागतो. शॉर्टकटवर क्लिक करू नका. आधी अँटिव्हायरस चालवा, मग लपवलेल्या फाइली दाखवण्याची सोय चालू करा. 'प्रोटेक्टेड' सिस्टीम फाइलीही दिसू द्या, कारण तो व्हायरस गाणी त्या खात्यात ढकलतो. गाणी तिथेच असतात.

३. कार्ड ६४ जीबीचं किंवा मोठं आहे का? ते एक्सफॅट पद्धतीचं असतं आणि जुने प्लेयर फक्त फॅट३२ वाचतात. ३२ जीबीचं कार्ड वापरा.

४. सुरुवातीची गाणी नीट आणि नंतरची तुटक, मुकी असतील तर कार्ड खोटं असण्याचा संशय घ्या. वर ६४ छापलेलं आणि आत ८ जीबी, अशी कार्डं विकली जातात. एचटूटेस्टडब्ल्यू हा मोफत प्रोग्रॅम रिकामं कार्ड भरून, पुन्हा वाचून खरी जागा सांगतो. तपासण्याआधी वाचतील ती गाणी उतरवून घ्या.

५. मॅकवरून भरलेल्या कार्डावर टिंब आणि अधोरेषेने सुरू होणाऱ्या जादा फाइली दिसतात. त्या गाणी नव्हेत. पुसल्या तरी चालतं.

६. कार्डाच्या 'प्रॉपर्टीज'मधून 'टूल्स' आणि तिथून 'चेक' हे सगळ्यात शेवटी, आणि तेही कार्डाची प्रत काढून झाल्यावर.

कारखान्यातली बारीक धूळ खाचेत बसली तरी कार्ड लागत नाही, हे विसरू नका. मऊ कोरड्या ब्रशने खाच साफ करा. फुंकर मारू नका, तोंडाचा ओलावा आत जातो.

काय जपायचं

पाच मिनिटांचं साध्या दर्जाचं, १२८ केबीपीएसचं गाणं सुमारे ४.८ एमबी जागा घेतं. शंभर गाण्यांची मराठी नावांची यादी साधारण १२ केबी, म्हणजे एका गाण्याच्या चारशेव्या हिश्श्याइतकी. तरीही आपण गाण्यांच्या प्रती दोन-दोन ठिकाणी ठेवतो आणि यादीची एकही ठेवत नाही.

गाणं पुन्हा मिळतं. दुकानातून, शेजाऱ्याकडून, इंटरनेटवरून. पण आपल्या मंडळात कोणत्या आरतीनंतर कोणती म्हणतात, कारखान्यात कोणत्या अभंगाने दिवस सुरू होतो, वडिलांना कोणती गाणी या क्रमाने आवडायची, हे दुसऱ्या कोणाकडे नसतं. ती निवड माणसांनी वर्षानुवर्षं ऐकून केलेली असते आणि ती फक्त यादीतच राहते.

म्हणून आज एवढं कराच. यादीची फाइल स्वतःलाच ईमेल करा किंवा व्हॉट्सॲपवर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. मजकूर पेस्ट करू नका, फाइल पाठवा. आणि आरत्यांची यादी असेल तर एक छापील प्रत आरतीसंग्रहाच्या पुस्तकात ठेवा. कार्ड, प्लेयर आणि कॉम्प्युटर तिन्ही गेले तरी त्या कागदावरून अर्ध्या तासात यादी पुन्हा उभी राहते.

पुढच्या आठवड्यात : ब्लूटूथ स्पीकर मधेच का तुटतो, आणि पत्र्याच्या शेडमध्ये तो कुठे ठेवावा.