एकच चेहरा, पन्नास वेळा

मुलांनो, एकच चेहरा पन्नास वेळा उमटवलेले चित्र तुम्ही कधी पाहिले आहे काय? लंडनच्या टेट या कलासंस्थेच्या संग्रही असे एक चित्र आहे. अँडी वॉरहॉल या अमेरिकन चित्रकाराने ते १९६२ साली तयार केले.

वॉरहॉलचा जन्म १९२८ साली पिट्सबर्ग या पोलादाच्या शहरी, एका गरीब कुटुंबात झाला. लहानपणी आजाराने तो अंथरुणाला खिळला, तेव्हा चित्रे काढणे व नटनट्यांची छायाचित्रे जमवणे हाच त्याचा विरंगुळा होता. पुढे न्यूयॉर्क शहरात तो जाहिरातींची चित्रे काढू लागला. बाजारातील डबे, जाहिराती, सिनेतारका अशा नित्य दिसणाऱ्या गोष्टींना चित्राचा विषय करणाऱ्या कलेस ‘पॉप आर्ट’ म्हणतात. वॉरहॉल हा तिचा एक अग्रणी होय.

ऑगस्ट १९६२ मध्ये मेरिलिन मन्रो ही विख्यात अभिनेत्री अवघ्या छत्तीस वर्षांची असताना मरण पावली. त्यानंतर वॉरहॉलने तिचे एक जुने, जाहिरातीसाठी काढलेले छायाचित्र निवडले व ते जाळीच्या साहाय्याने छापले. या पद्धतीत चौकटीवर बारीक जाळी ताणतात. चित्राचा भाग मोकळा ठेवून उरलेली छिद्रे लेपाने बुजवतात. मग रबरी पट्टीने शाई ओढली, की ती मोकळ्या छिद्रांतून खाली उतरते. आपल्याकडे लग्नपत्रिकाही या रीतीने छापतात.

चित्राच्या डाव्या भागात पंचवीस चेहरे आहेत: पिवळे केस, गुलाबी कांती, नारिंगी पार्श्वभूमी. उजव्या भागातही पंचवीसच. परंतु ते केवळ काळ्या शाईचे. कोठे शाई दाटून चेहरा काळवंडला आहे, तर उजव्या कडेकडे तो फिकट होत जवळजवळ पुसला गेला आहे.

छपाईतील हे दोष वॉरहॉलने झाकले नाहीत. त्यांतच चित्राचा अर्थ दडलेला आहे. मेरिलिनचे मूळ नाव नॉर्मा जीन. तिच्या बालपणातील काही काळ अनाथालयात गेला होता. तिचा हसरा चेहरा जगभर पोहोचला. त्यामागील दुःखी मुलगी मात्र फार थोड्यांना ठाऊक होती. चेहरा वारंवार छापला जातो, तसतसे त्यामागचे माणूस आपल्या दृष्टीआड होते, असेच जणू हे चित्र सांगते.

भिंतीवरील फलकांवर एखादा प्रसिद्ध चेहरा पुन्हापुन्हा दिसला, म्हणजे क्षणभर थांबा, आणि त्यामागील माणसाचाही विचार करा.