विश्लेषण : डिसेंबरात बेसबॉलला टाळं लागणार? आयपीएलवाल्यांनीही समजून घ्यावं असं ‘सॅलरी कॅप’चं भांडण

सकाळचे ७.४०. रोडपालीहून शेअर रिक्षा पकडायची, मानसरोवर स्टेशन गाठायचं आणि सीएसएमटी लोकलमध्ये चौथी सीट मिळाली तर मिळाली. त्याच वेळी लॉस एंजेलिसमध्ये आदल्या दिवशीच्या संध्याकाळचे ७.१० वाजलेले असतात आणि डॉजर्सची मॅच सुरू होते. माझा प्रवास आणि त्यांचा खेळ साधारण बरोबरीनं चालतो. डब्यातल्या बायका आता विचारतही नाहीत, की ही कानात हेडफोन घालून कसलं क्रिकेट बघते.

माझी टीम मात्र डॉजर्स नाही, पिट्सबर्ग पायरेट्स आहे. कारण साधं आहे. २००८ मध्ये उत्तर प्रदेशातली दोन भालाफेकपटू मुलं, रिंकू सिंग (आयपीएलवाला नव्हे) आणि दिनेश पटेल, एका टीव्ही स्पर्धेतून निवडली गेली आणि पायरेट्सनं त्यांच्याशी करार केला. त्यावरचा ‘मिलियन डॉलर आर्म’ हा सिनेमा २०१४ मध्ये आला, तेव्हा मी शाळा संपवत होते. पुढं इंजिनीअरिंगला स्टॅटिस्टिक्सच्या असाइनमेंटसाठी बेसबॉलचा डेटा फुकट मिळाला आणि मी त्यात अडकले ती अडकलेच. मुंबईच्या नावाचीही एक व्यावसायिक टीम आहे, मुंबई कोब्राज. पण ती खेळते दुबईत.

यंदा बेसबॉलमध्ये बोलण्यासारखं बरंच आहे. या मोसमापासून मेजर लीगमध्ये अंपायरच्या ‘स्ट्राइक’ आणि ‘बॉल’च्या निर्णयाला कॅमेऱ्यांच्या मदतीनं आव्हान देता येतं. डीआरएसचा चुलतभाऊच म्हणा. पण खरा प्रश्न वेगळा आहे : पुढच्या वर्षी खेळ होणार का?

१ डिसेंबरला काय संपतंय?

अमेरिकेतल्या मेजर लीग बेसबॉलमध्ये ३० टीम आहेत. त्यांचे मालक आणि खेळाडूंची युनियन यांच्यात दर काही वर्षांनी सामूहिक करार होतो. किमान पगार, खेळाडूनं टीम कधी सोडायची, मालकांनी किती खर्च केला तर दंड, हे सगळं त्यात ठरतं. सध्याचा करार १ डिसेंबर २०२६ रोजी संपतोय. नवा करार झाला नाही, तर मालक ‘लॉकआउट’ जाहीर करू शकतात.

लॉकआउट म्हणजे टाळेबंदी. तळोजा एमआयडीसीच्या शेजारी राहणाऱ्यांना हा शब्द समजावून सांगायला नको. आमच्या मजल्यावरच्या काकांनी तिथल्या कारखान्यात आयुष्य काढलं. त्यांना हे सांगितलं तर ते हसले. ‘‘अगं, करोडपतींना अब्जाधीशांनी टाळं लावायचं, आणि आपण काळजी करायची?’’ प्रश्न चुकीचा नाही. उत्तर थोडं लांब आहे.

मालकांना काय हवंय?

‘सॅलरी कॅप’, म्हणजे एका टीमनं पगारावर किती खर्च करायचा याची कमाल मर्यादा. अमेरिकेतल्या फुटबॉल, बास्केटबॉल आणि आइस हॉकीच्या लीगमध्ये ती आहे, बेसबॉलमध्ये नाही. इथं फक्त ‘लक्झरी टॅक्स’ आहे : यंदा २४.४ कोटी डॉलरच्या वर खर्च गेला, की वरच्या रकमेवर दंड. ज्याला परवडतं तो दंड भरतो आणि पुढं जातो. डॉजर्सला २०२५ साठी सुमारे १६.९ कोटी डॉलर दंड बसला.

डॉजर्सनं शोहेई ओहतानीशी १० वर्षांचा ७० कोटी डॉलरचा करार केला, रुपयात सहा हजार कोटींहून जास्त. त्यातले ६८ कोटी डॉलर त्याला २०३४ ते २०४३ या काळात मिळणार. सध्या तो वर्षाला २० लाख डॉलर घेतो. ‘ही पळवाट आहे’ असं सोशल मीडियावर रोज कुणीतरी लिहितं. पूर्ण खरं नाही. उशिरा मिळणाऱ्या पैशाची आजची किंमत काढून दंडाच्या हिशेबात त्याचे वर्षाला सुमारे ४.६ कोटी डॉलर धरले जातात. इंजिनीअरिंग इकॉनॉमिक्सचा पेपर दिलेल्यांना हे गणित आठवेल, विसरायचा कितीही प्रयत्न केला तरी.

डॉजर्सनं २०२४ आणि २०२५ अशी सलग दोन वर्षं वर्ल्ड सिरीज जिंकली. पायरेट्सनं ती शेवटची जिंकली १९७९ मध्ये. २०१५ नंतर २०२५ पर्यंत आम्ही प्लेऑफलाही पोचलो नव्हतो. मग मी तर कॅपच्या बाजूनं असायला हवी, नाही का?

मग अडचण कुठं आहे?

अडचण मला आयपीएलचा हिशेब करताना दिसली.

आयपीएलमध्ये २००८ पासून पर्सची मर्यादा आहे. तरी २००८ ते २०२५ या १८ मोसमांत मुंबई इंडियन्स आणि चेन्नई सुपर किंग्ज यांनी मिळून १० विजेतेपदं नेली. विजेत्या टीम एकूण आठ. त्याच १८ वर्षांत कॅप नसलेल्या बेसबॉलमध्ये १२ वेगवेगळ्या टीम जिंकल्या. तुलना अगदी काटेकोर नाही. तिकडं ३० टीम, इकडं आठ ते दहा. पण मर्यादा घातली की सगळे आपोआप समान होतात, हे गृहीत धरायला हा डेटा तयार नाही. मी मुंबई इंडियन्सची चाहती आहे, त्यामुळं त्या १० पैकी पाच वेळा मी तक्रार केली नाही, हेही कबूल करते.

आता दुसरा आकडा. आयपीएलचे २०२३ ते २०२७ चे प्रसारण हक्क ४८,३९० कोटी रुपयांना विकले गेले, म्हणजे वर्षाला साधारण ९,६७८ कोटी. २०२५ मध्ये लिलावाची पर्स १२० कोटी होती. मॅच फी वगैरे धरून एका टीमची मर्यादा सुमारे १४६ कोटी. दहा टीमचे मिळून १,४६० कोटी. नुसत्या प्रसारण हक्कांच्या तुलनेतही हे १५ टक्के. प्रायोजक, तिकिटं वेगळीच. अमेरिकेतल्या कॅप असलेल्या लीगमध्ये खेळाडूंचा वाटा एकूण ठरावीक उत्पन्नाच्या साधारण निम्मा असतो.

हा फरक कशामुळं? तिथं वाट्याचा आकडा युनियननं टेबलावर बसून ठरवून घेतला आहे. आपल्याकडं इंडियन क्रिकेटर्स असोसिएशन आहे, पण ती निवृत्त खेळाडूंची. सध्या खेळणाऱ्यांची संघटनाच नाही. राजस्थाननं १.१ कोटीला घेतलेल्या वैभव सूर्यवंशीनं २०२५ मध्ये ३५ चेंडूंत शतक ठोकलं आणि पुढच्या मोसमासाठी टीमनं त्याला त्याच भावात राखलं. नियमानुसारच. नियम करताना खेळाडूंना कुणी विचारलं होतं, एवढाच प्रश्न.

बेसबॉलमध्येही तरुण खेळाडू स्वस्तातच मिळतात, आणि हा भाग मालकांच्या भाषणात येत नाही. पदार्पणानंतर सहा वर्षांची सेवा होईपर्यंत खेळाडू टीमला बांधलेला असतो. त्यातली पहिली साधारण तीन वर्षं पगार किमान रकमेच्या आसपास, जी यंदा ७.८ लाख डॉलर आहे. आमचा पॉल स्कीन्स २०२५ मध्ये नॅशनल लीगचा सर्वोत्तम पिचर ठरला, साय यंग अवॉर्ड एकमतानं मिळालं. त्या वर्षीचा त्याचा पगार ८.७५ लाख डॉलर. बोनस वेगळा मिळाला, पण तो सगळ्या टीमच्या सामायिक निधीतून येतो. कॅप असती तरी पायरेट्सनं त्याच्याभोवती चांगले बॅटर उभे केले असते याची खात्री काय? कमाल मर्यादा डॉजर्सला अडवेल. पिट्सबर्गच्या मालकांना खिशात हात घालायला लावेल ती किमान मर्यादा.

मालकांची एक बाजू खरी आहे. स्थानिक टीव्हीचा पैसा विषम आहे. डॉजर्सचा करार २५ वर्षांचा, ८३५ कोटी डॉलरचा. उलट अनेक छोट्या टीमचे सामने दाखवणारी डायमंड स्पोर्ट्स ही कंपनी मार्च २०२३ मध्ये दिवाळखोरीत गेली. स्थानिक उत्पन्नातला ४८ टक्के वाटा सगळ्यांत वाटला जातो, तरी दरी राहतेच. पण हे मालकांनी आपसात मिटवायचं भांडण आहे. त्याची किंमत खेळाडूंच्या पगारातून का वळती करायची?

टाळं लागलं तर?

मागची टाळेबंदी २ डिसेंबर २०२१ ला सुरू झाली आणि ९९ दिवस चालली. एप्रिलमध्ये उशिरा सुरुवात झाली, पण मोसम पूर्ण झाला. भीती त्याची नाही, १९९४ ची आहे. तेव्हाही मुद्दा कॅपचाच होता. १२ ऑगस्टला खेळाडू संपावर गेले, १९०४ नंतर पहिल्यांदा वर्ल्ड सिरीज रद्द झाली आणि संप २३२ दिवस चालला. शेवटी तेव्हाच्या फेडरल न्यायाधीश सोनिया सोटोमायोर यांनी मालकांविरुद्ध मनाई हुकूम दिला, तेव्हा खेळ पुन्हा सुरू झाला.

त्या वर्षी खेळ थांबला तेव्हा सगळ्यांत पुढं होती माँट्रियल एक्स्पोज, ७४ विजय आणि ४० पराभव. कमी पैशांची, तरुण पोरांची टीम. पुढच्या मोसमाआधी त्यांचे मोठे खेळाडू विकले गेले, प्रेक्षक आटले आणि २००५ मध्ये टीमच वॉशिंग्टनला गेली. छोट्या टीमसाठी म्हणून झालेल्या भांडणात छोटी टीमच गेली. पायरेट्सच्या चाहतीला हे वाचून झोप कशी लागणार?

काकांना मी शेवटी हेच सांगितलं, की स्टेडियममध्ये तिकिटं फाडणारे, हॉट डॉग विकणारे, साफसफाई करणारे करोडपती नाहीत. ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, ‘‘आमच्या वेळीही कँटीनवाला पहिला गेला होता.’’

कराराची मुदत १ डिसेंबरला न्यूयॉर्कच्या वेळेनुसार रात्री ११.५९ ला संपते. आपल्याकडं तेव्हा २ डिसेंबर, बुधवार, सकाळचे १०.२९. मी डेस्कवर असेन. बातमीचे दोन्ही मथळे आधीच टाइप करून ठेवणार आहे.