जुन्या इंजिनाला चकाकी नको, स्वच्छता हवी!

रत्नागिरी, प्रतिनिधी - पडवीच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली वर्षानुवर्षे उभी असलेली ‘बुलेट’, ‘जावा’ किंवा ‘राजदूत’ पुन्हा रस्त्यावर आणण्याची हौस अनेकांना असते. वडिलांची वा आजोबांची गाडी म्हणून तिच्यावर हजारो रुपये खर्च केले जातात. पिस्टन, बेअरिंग, ऑईल सील नवे येतात, केसिंग आरशासारखे चकाकते. आणि इंजिन काही दिवसांतच पुन्हा आवाज करू लागते. दोष सुट्या भागांवर ढकलला जातो. प्रत्यक्षात तो केसिंगच्या धुलाईत राहून गेलेला असू शकतो.

केसिंग, म्हणजेच क्रँककेस, हे इंजिनाचे धड. ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूत ओतलेले त्याचे दोन भाग जोडीनेच वापरायचे असतात. एका इंजिनाचा अर्धा भाग दुसऱ्याला जोडल्यास बेअरिंगच्या बैठका एका रेषेत येतीलच असे नाही. म्हैसूर येथे १९६१ मध्ये सुरू झालेला ‘आयडियल जावा’ कारखाना १९९६ मध्ये बंद पडला. अशा गाड्यांच्या बाबतीत बिघडलेल्या केसिंगला मूळ पर्याय मिळवणे जिकिरीचे असते.

खाऱ्या हवेचा मार

रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि समुद्राची खारी हवा बारमाही असते. ॲल्युमिनियमवर त्याच्याच ऑक्साइडचा पातळ थर तयार होऊन धातूचे रक्षण होते. मात्र मिठातील क्लोराइड हा थर जागोजागी फोडते. तेथे पांढरी भुकटी जमते आणि तिच्याखाली बारीक खड्डे पडतात. ही भुकटी काढण्यासाठी मग कॉस्टिक सोडा वापरला जातो. कॉस्टिक सोडा चिकट तेल काढतो खरा, पण तो ॲल्युमिनियमही खातो. या प्रक्रियेत ज्वालाग्राही हायड्रोजन वायू बाहेर पडतो, धातू काळवंडतो आणि नेमक्या मापाच्या बैठका सैल होऊ शकतात. त्यामुळे केसिंगसाठी तो वर्ज्यच मानावा.

वाळूचा एक कण

दुसरा मोह वाळूचा मारा करून केसिंग उजळवण्याचा. वाळू धातू खरवडते, तिची धूळ कामगाराच्या फुप्फुसांना घातक असते आणि तिचे कण तेलाच्या अरुंद वाटांत अडकून बसतात. काचेच्या बारीक मण्यांचा मारा त्या मानाने सौम्य असला, तरी कण अडकण्याचा धोका तोच.

जुन्या बिडाच्या सिलिंडरच्या ‘बुलेट’मध्ये तेलाची टाकी केसिंगमध्येच ओतलेली असते. एक पंप तेल पुढे ढकलतो, दुसरा ते परत टाकीत आणतो. टायमिंगच्या बाजूने निघालेले तेल क्रँकमधील छिद्रातून कनेक्टिंग रॉडच्या मोठ्या टोकाच्या बेअरिंगपर्यंत जाते. या वाटेत राहिलेला कण इंजिन तापल्यावर सुटतो आणि थेट बेअरिंगमध्ये शिरतो.

‘जावा’सारख्या दोन स्ट्रोकच्या इंजिनात धोका वेगळा आहे. तेथे पेट्रोल-हवेचे मिश्रण आधी केसिंगमध्येच दाबले जाते. दोन भागांच्या जोडपृष्ठावर पॉलिश पेपरचा वा पोलादी पट्टीचा ओरखडा राहिल्यास तेथून बाहेरची हवा आत ओढली जाते. मिश्रणातील पेट्रोलचे आणि त्यासोबतच्या तेलाचे प्रमाण घटते, पिस्टन तापतो आणि अखेर सिलिंडरमध्ये धरतो.

धुलाईचा क्रम

बेअरिंग, ऑईल सील आणि तेलवाटांची बुचे काढल्याशिवाय धुलाईला हात घालू नये. बेअरिंग हातोड्याने ठोकून काढण्याऐवजी केसिंग भट्टीत उकळत्या पाण्याच्या तापमानाइतके सारखे तापवावे. ॲल्युमिनियम पोलादाच्या सुमारे दुप्पट प्रसरण पावत असल्याने बेअरिंग सैल होते. एकाच ठिकाणी ज्योत धरल्यास मात्र केसिंग वाकण्याची भीती असते. तेलकट केसिंग तापवताना धूर होतो. म्हणून वरवरचे तेल आधी पुसून काढावे आणि हे काम स्वयंपाकघरातील ओव्हनमध्ये करू नये.

तेलाचा जाड थर डिझेल किंवा रॉकेल आणि नायलॉनच्या ब्रशने निघतो. पेट्रोल वापरू नये. त्याची वाफ साध्या तापमानालाही पेट घेते. जुन्या पॅकिंगचे तुकडे लाकडी वा प्लॅस्टिकच्या पट्टीने सोडवावेत. पूर्वीचे मेकॅनिक पॅकिंगला शेलॅक लावत. ते स्पिरिटमध्ये विरघळते, त्यामुळे खरवडण्याची गरज उरत नाही.

यानंतर साबणाच्या गरम पाण्याने केसिंग धुवावे. विहिरीचे पाणी मचूळ असेल तर ते वापरू नये, अन्यथा काढलेले मीठ पुन्हा आत जाईल. प्रत्येक तेलवाटेत बारीक ब्रश आरपार फिरवून दोन्ही बाजूंनी दाबाची हवा मारावी. डोळ्यांवर चष्मा हवाच. बोल्टच्या बंद भोकांकडे विशेष लक्ष द्यावे. तळाशी तेल वा पाणी राहिल्यास बोल्ट आवळताना दाब निर्माण होऊन केसिंगला तडा जाऊ शकतो. आटेही याच वेळी तपासावेत.

केसिंग पूर्ण वाळल्यावर पांढऱ्या सुती फडक्याने आतून पुसावे. फडक्यावर करडी छटा आली तर धुलाई पुन्हा करावी. ते कोरे निघाले की बेअरिंगच्या बैठका आणि पोलादी बुशांवर तेलाचा पातळ हात फिरवून केसिंग प्लॅस्टिकमध्ये गुंडाळावे. दमट हवेत उघडे पोलाद एका रात्रीतही गंजू शकते. धुलाईचे तेलकट पाणी गटारात किंवा विहिरीजवळ ओतू नये.

नंबर गेला, तर ओळख गेली

केसिंगवर ठोकलेला इंजिन क्रमांक हा सर्वात नाजूक भाग. नोंदणी पुस्तिकेतील क्रमांकाशी तो जुळावा लागतो. घासण्याच्या किंवा पॉलिशच्या नादात तो पुसट झाला, तर गाडी चालू असूनही तिची ओळख संशयास्पद ठरते. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये पन्नास वर्षांहून जुन्या दुचाकी व चारचाकी वाहनांसाठी ‘व्हिंटेज’ नोंदणीचे नियम जाहीर केले. वाहन मूळ स्वरूपात जपलेले असावे, त्याच्या सांगाड्यात वा इंजिनात मोठे बदल नसावेत, ही त्यातील अट आहे. नव्या नोंदणीचे शुल्क २० हजार रुपये ठरवण्यात आले. अशा नोंदणीची गाडी रोजच्या वापरासाठी नसून प्रदर्शन, रॅली, देखभाल अशा मोजक्या कारणांसाठीच रस्त्यावर आणता येते. त्यामुळे कामाला सुरुवात करण्यापूर्वी क्रमांकाचे छायाचित्र घ्यावे, त्यावर जाड चिकटपट्टी लावावी आणि तेथे केवळ मऊ ब्रश वापरावा.

खाऱ्या हवेत पॉलिशची चकाकी फार काळ टिकत नाही. इंजिनाचे आयुष्य ठरते ते डोळ्यांना न दिसणाऱ्या तेलवाटांच्या स्वच्छतेवर. धुलाईसाठी आणखी एक दिवस दिल्याने गाडी एक दिवस उशिरा सुरू होईल. पण घाईत बांधलेले इंजिन पुन्हा खोलावे लागले, तर खर्च दुप्पट होईल आणि न मिळणारे केसिंगही कायमचे गमवावे लागेल.