वर्तुळात जवळ, रस्त्याने दूर

रत्नागिरी जिल्ह्यात भातलावणी सुरू झाली की सर्पदंशाचे रुग्ण वाढतात. बांधावर किंवा गवतात फुरसे चावते, रात्री जमिनीवर झोपलेल्याला मण्यार. अशा वेळी घरच्यांचा पहिला प्रश्न असतो, 'सापाचे इंजेक्शन जवळ कुठे मिळेल?' या 'जवळ'चे उत्तर आता मोबाइल किंवा संगणक देतो. ते उत्तर कसे तयार होते, हे समजून घेणे उपयोगाचे आहे.

संगणकाला गावाचे नाव पुरत नाही. प्रत्येक रुग्णालयाच्या नोंदीत त्याचे अक्षांश आणि रेखांश भरावे लागतात. रत्नागिरी शहर साधारण १७ अंश उत्तर आणि ७३.३ अंश पूर्व येथे आहे. हे दोन आकडे भरताना चुकून उलटे झाले, तर रुग्णालय थेट नॉर्वेच्या उत्तरेकडील समुद्रात जाऊन पडते! काही प्रणालींत अक्षांश आधी लिहितात, तर काहींत रेखांश. म्हणून ही चूक वरचेवर होते.

आता 'माझ्यापासून दहा किलोमीटरच्या आतली रुग्णालये दाखव' असे सांगितले, तर संगणक काय करतो? यादी मोठी असेल तर प्रत्येक नोंदीचे अंतर मोजत बसणे वेळखाऊ ठरते. म्हणून आधी एक चौकोन आखतात. अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर, आणि आपल्याकडे रेखांशाचा एक अंश सुमारे १०६ किलोमीटर. त्यामुळे दहा किलोमीटरसाठी चारही बाजूंना ०.०९ अंशाहून थोडे जास्त अंतर धरले की चौकोन होतो. त्याबाहेरच्या नोंदी लगेच गळतात. पण चौकोनाचा कोपरा मध्यापासून १४ किलोमीटरवर असतो. म्हणून उरलेल्या नोंदींचे नेमके अंतर पृथ्वीची गोलाई धरून काढतात. त्यासाठी हॅवरसाइन नावाचे सूत्र वापरतात. पोस्टजीआयएस, मायएसक्यूएल यांसारख्या प्रणालींत ही सोय तयारच असते.

गणित बरोबर असूनही कोकणात उत्तर फसवे ठरू शकते. गुहागर तालुक्यातील तवसाळ आणि रत्नागिरी तालुक्यातील जयगड समोरासमोर आहेत, मध्ये शास्त्री नदीची खाडी. वर्तुळ काढले तर दोन्ही गावे शेजारी. प्रत्यक्षात पलीकडे जायला फेरीबोट लागते आणि ती वेळापत्रकाने चालते. बोट नसेल तर खाडीला मोठा वळसा. वाशिष्ठीच्या मुखाशी दाभोळ आणि धोपावे यांचेही तसेच. वर्तुळाला खाडी दिसत नाही, घाटही दिसत नाही. कावळा उडत जातो तेवढेच अंतर त्याला कळते.

म्हणून चांगल्या प्रणालीत वर्तुळ ही केवळ पहिली चाळणी असते. त्यातून उरलेल्या रुग्णालयांसाठी रस्त्याने लागणारा वेळ काढायचा आणि क्रम त्यावर लावायचा. तिसरी चाळणी वैद्यकीय आहे. तेथे औषध आज शिल्लक आहे का, रात्री डॉक्टर असतात का? आपल्याकडील प्रतिसर्पविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांच्या विषावर चालते. पण मण्यारीच्या विषाने श्वासाचे स्नायू लुळे पडू लागले, तर कृत्रिम श्वासाचीही सोय लागते. ही माहिती वरचेवर अद्ययावत केली नाही, तर अचूक अंतराचा काही उपयोग नाही.

संगणकाचे काम होईल तेव्हा होईल. गावाने मात्र पावसाळ्याआधीच ठरवून ठेवावे की दिवसा कुठे जायचे, बोट बंद असताना कुठे जायचे आणि गाडी कोणाची. सर्पदंश झाला तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. रुग्णाला चालवू नये, चावलेला हात किंवा पाय हलू देऊ नये. अंगठी, बांगड्या, पैंजण लगेच काढावेत. घट्ट दोरी बांधू नये, जखम कापू किंवा चोखू नये, मांत्रिकाकडे वेळ घालवू नये. सापाला पकडण्यामागे लागण्याचीही गरज नाही. रुग्णासाठी जवळचे रुग्णालय तेच, जिथे तो वेळेत पोहोचतो आणि जिथे औषध असते.