अंगणातली हिरवळ आणि चैत्राचे ऊन

पुण्यात सारसबाग आहे. तिथे तळ्यातल्या गणपतीचे दर्शन घ्यावे आणि हिरवळीवर घटकाभर टेकावे. जीव कसा गार होतो! शहरात पुष्कळ लोक घरापुढेही अशी हिरवळ राखतात. गावाकडची कितीतरी माणसे तिथे माळीकाम करतात. म्हणून ही माहिती.

हिरवळीसाठी बहुतेक ठिकाणी कोणते गवत लावतात? आपली हरळीच! गणपतीला वाहतो ती दूर्वाही हीच. शेतात ती आली की आपण कपाळाला हात लावतो. अंगणात मात्र तिचे कौतुक होते.

हरळीला ऊब आवडते. थंडीत तिची वाढ मंदावते. होळी झाली, ऊन तापू लागले, की ती पुन्हा फुटू लागते. पण त्याच वेळी जमिनीतली ओल कमी होते. पाने पिवळी पडतात. मग लोक घाबरतात आणि रोज नळी सोडतात.

हे बरे नव्हे. पिवळी पडली म्हणजे हरळी मेली, असे नाही. शेतकऱ्याला हे काय सांगायचे? जमिनीखाली तिच्या काशा असतात. काशा जिवंत असल्या की ती पुन्हा वर येते.

रोज थोडे थोडे पाणी शिंपडले, तर वरचीच माती भिजते. मुळे वरच राहतात आणि दुपारच्या उन्हात सुकतात. त्यापेक्षा आठवड्यातून एकदा चांगले भिजवावे. मुळे खोल जातात. पाणी सकाळी लवकर द्यावे. ते हळूहळू घालावे, वाहून जाऊ देऊ नये. मग सळई टोचून पाहावी. चार बोटे सहज गेली की पुरे.

आता हिशेब करू. अंगण १० फूट लांब आणि १० फूट रुंद आहे. ते इंचभर पाण्याने भिजवायला १५ लिटरच्या सुमारे १५ बादल्या लागतात. घरात ५ माणसे आहेत. प्रत्येकाच्या आंघोळीचे एक बादली पाणी धरले, तर दिवसाला ५ बादल्या झाल्या. अंगणाचे तीन भाग करा. रोज एक भाग भिजवा. तीन दिवसांत सगळे अंगण भिजले! नळाचे पाणी लागलेच नाही. उरलेले चार दिवस तेच पाणी झाडांना घाला.

मात्र हे पाणी साठवून ठेवू नये, त्याला घाण येते. कपड्यांच्या सोड्याचे पाणीही घालू नये.

गवत फार खाली कापू नये. उन्हाळ्यात दोन बोटे उंच ठेवावे, म्हणजे मातीवर सावली राहते. चाळलेले शेणखत पातळ पसरावे आणि मग पाणी द्यावे. लव्हाळा उपटताना खालची गाठ खणून काढावी. गाजरगवत फुलण्याआधीच उपटावे, पण हाताला फडके बांधून. त्याने अंगाला खाज सुटते.

एवढी काटकसर कशाला? खडकवासल्याचे धरण १८७९ साली पुरे झाले. पुढे पानशेत, वरसगाव आणि टेमघर ही धरणे झाली. पुणे शहर याच पाण्यावर जगते. दौंड आणि इंदापूरच्या शेतीलाही याच धरणांचे पाणी कालव्याने जाते. पाऊस येणार जूनमध्ये. तोवर आहे तेच पाणी सर्वांनी पुरवायचे. अंगणात फुकट गेलेली बादली कुणाच्या तरी वाट्याची असते.

एखाद्या वर्षी पाण्याची फारच टंचाई झाली तर? तर हिरवळ खुशाल पिवळी पडू द्या. आंघोळीचे पाणी आधी झाडांना घाला. वाळलेले झाड पुन्हा वाढवायला वर्षे लागतात. हरळी मात्र पहिल्या पावसानंतर थोड्याच दिवसांत हिरवी होते.