कॉलेजचा परिसर कुठपर्यंत पोचतो?

पुण्यात हडपसरच्या एखाद्या कॉलेजचा संघ पुरुषोत्तम करंडक एकांकिका स्पर्धेसाठी भरत नाट्य मंदिरात उतरला, की विंगेतला अंधारा कोपराही कायद्याच्या लेखी कॉलेजचाच परिसर होतो. राष्ट्रीय सेवा योजनेचं शिबिर भरतं ते गाव, अभ्याससहलीचा मुक्काम, मगरपट्ट्यातली इंटर्नशिप, ने-आण करणारी कॉलेजची बस, हे सगळं त्यात आलं. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५ च्या लैंगिक छळविरोधी नियमांत परिसराची व्याख्याच इतकी ऐसपैस आहे. मुलगी जिथे विद्यार्थिनी म्हणून जाईल तिथे कॉलेजची जबाबदारीही जाते. नियमांच्या रुक्ष भाषेत एवढी माया असू शकते, याचं मला फार अप्रूप वाटतं.

पण धोका कुणापासून आहे, हे आवारातल्यांना आधीच कळावं का? अमेरिकेने याचं उत्तर ‘हो’ असं दिलं. १९९४ मध्ये न्यू जर्सीत सात वर्षांच्या मेगन कांकावर समोरच राहणाऱ्या माणसाने अत्याचार करून तिचा खून केला. त्याला आधीही अशाच गुन्ह्यांत शिक्षा झाली होती आणि तिच्या आईवडिलांना याची कल्पनाही नव्हती. १९९६ मध्ये तिच्या नावाने ओळखला जाणारा कायदा आला आणि अशा गुन्हेगारांची माहिती लोकांसाठी खुली झाली. २००० च्या कायद्याने हे कॉलेजांपर्यंत आणलं. नोंदणी झालेला गुन्हेगार कॉलेजात शिकायला किंवा नोकरीला लागला, की त्याने सरकारला कळवायचं आणि ही माहिती कुठे मिळेल ते कॉलेजने सर्वांना सांगायचं.

आपल्याकडेही लैंगिक गुन्हेगारांची अशी यादी आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाकडची ही नोंदवही २०१८ मध्ये सुरू झाली, तेव्हाच तीत सुमारे ४ लाख ४० हजार नोंदी होत्या. पण ती उघडते फक्त पोलीस आणि तपास यंत्रणांसाठी. हडपसरच्या प्राचार्यांना ती पाहता येत नाही.

मग कॉलेजच्या हाती काय आहे? अंतर्गत तक्रार समिती. अध्यक्षपदी ज्येष्ठ प्राध्यापिका, निम्म्या तरी महिला, एक सदस्य बाहेरच्या संस्थेतला. प्रकरण विद्यार्थ्यांचं असेल तर त्यांनीच निवडलेले तीन प्रतिनिधी. कुलगुरू, कुलसचिव, विभागप्रमुख यांना मात्र समितीत मज्जाव, म्हणजे खुर्चीचा दबाव नको. विद्यार्थ्याचा दोष सिद्ध झाला, तर सक्तीच्या समुपदेशनापासून नाव कायमचं कमी करण्यापर्यंत शिक्षा होऊ शकते. आणि इथे नावं झाकलेली राहतात. तक्रारदाराचंच नव्हे, ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याचं आणि साक्षीदारांचंही नाव जाहीर करायला कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याची बंदी आहे.

मला या समितीचं मोल यादीहून मोठं वाटतं. यादीत नाव चढतं ते न्यायालयाने दोषी ठरवल्यावर. तोवर कुणीतरी भोगलेलं असतं. समितीचं दार त्याच्या कितीतरी आधी, नकोशा मेसेजवर, मुद्दाम लागलेल्या धक्क्यावर उघडतं. मात्र तक्रारीला मुदत तीन महिन्यांची आहे. सबळ कारण असेल तरच ती आणखी तीन महिने वाढते. भेदरलेल्या मुलीचे पहिले कित्येक दिवस ‘सांगू की नको’ यातच जातात. त्यात कुणाला सांगायचं हेही शोधावं लागू नये. म्हणून नोटीस बोर्डावरची त्या समितीची नावं आणि फोन नंबर प्रत्येकीला प्रवेशाच्या दिवशीच माहीत करून द्यायला हवेत.