प्लिनीची दोन पत्रे : पाहिलेले, ऐकलेले आणि ताडलेले

इसवी सन ७९ मध्ये व्हेसूव्हियसचा उद्रेक झाला आणि पाँपेई व हर्क्युलेनियम ही शहरे गाडली गेली, हे आपण शाळेच्या पुस्तकात वाचलेले असते. तो उद्रेक डोळ्यांनी पाहिलेल्या माणसाने केलेले वर्णन आज एकाच ठिकाणी शिल्लक आहे : धाकट्या प्लिनीने इतिहासकार टॅसिटसला लिहिलेल्या दोन लॅटिन पत्रांत. त्याच्या पत्रसंग्रहाच्या सहाव्या भागातली ही सोळावे आणि विसावे पत्र. गंमत अशी की, दोन्ही पत्रांत पाँपेई आणि हर्क्युलेनियम ही नावे एकदाही येत नाहीत.

अमेरिकेतल्या हायस्कूलच्या मुलांसाठी एपी लॅटिन नावाची परीक्षा असते. तिच्या अभ्यासक्रमात २०२५-२६ पासून सीझरच्या जागी प्लिनीची पत्रे आली, आणि त्यांत ही दोन्ही आहेत. न्यू जर्सीत राहणारी माझ्या भाचीची मुलगी या परीक्षेला बसते आहे. तिच्या निमित्ताने गेले काही महिने मीही ही पत्रे ओळीओळीने पुन्हा वाचली. माझे लॅटिन घरगुती. पदवी वाणिज्यची, नोकरी हिशेबाची. लॅटिन शिकलो ते जुन्या बाजारातून आणलेल्या एका व्याकरणावर आणि शाळेतल्या संस्कृतच्या आधारावर. पण तो आधार कामाचा निघाला. लॅटिन शिकणारी मुले ज्या पंचमीच्या रचनेला घाबरतात, ती ‘रामे वनं गते’ पाठ केलेल्या माणसाला पाच मिनिटांत कळते. आपल्याकडे सति सप्तमी, त्यांच्याकडे पंचमी, एवढाच फरक.

मराठीचा उपयोग आणखी दोन जागी झाला. थोरला प्लिनी हा धाकट्याचा ‘अंकल’, असे इंग्रजी भाषांतरे सांगतात. लॅटिन शब्द आहे ‘आवुन्कुलुस’, म्हणजे मामा. काकाला वेगळा शब्द आहे. वडील वारलेल्या मुलाचा मामा, त्याच्या घरी आईसह राहणारा भाचा, हे नाते मराठी वाचकाला समजावून सांगावे लागत नाही. आणि दुसरे पत्र लिहिताना प्लिनी आपले वय सांगतो ते ‘अठरावे चालू होते’ अशा शब्दांत. इंग्रजीत त्याचे सतरा करावे लागतात. आपण जसेच्या तसे ठेवू शकतो.

मामा मिसेनम बंदरातल्या आरमाराचा प्रमुख होता. त्याचा ‘नॅचुरालिस हिस्टोरिया’ हा ३७ भागांचा ज्ञानकोश आजही उपलब्ध आहे. हिंदुस्थान दरवर्षी रोमचे निदान पाच कोटी सेस्टर्शियस ओढून घेतो, अशी तक्रार त्यात आहे. त्या व्यापाराची एक खूण पाँपेईच्याच राखेत निघाली. १९३८ साली तिथे एक भारतीय हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली, आणि तिच्याशी साम्य असलेली हस्तिदंती मूर्ती पुढे आपल्या जालना जिल्ह्यातल्या भोकरदनच्या उत्खननात मिळाली. हे थोडे विषयांतर झाले, पण भोकरदनचे नाव इथे टाळणे मला जमले नसते.

आता मूळ मुद्दा. परीक्षेची तयारी करणारी मुले शब्दशः भाषांतर, व्याकरण आणि शैलीची वैशिष्ट्ये यांवर मेहनत घेतात. ती घ्यायलाच हवी. पण ही पत्रे म्हणजे साक्ष आहे, आणि साक्षीला विचारायचा पहिला प्रश्न वेगळा : हे तुला कसे कळले? आपल्या न्यायशास्त्राने ज्ञानाची साधने निरनिराळी मानली : प्रत्यक्ष, अनुमान, आप्ताचा शब्द. ही चाळणी लावली की सोळावे पत्र मधोमध दुभंगते.

पूर्वार्ध प्रत्यक्षाचा. दुपारी आईने तो विचित्र ढग मामाला दाखवला. प्लिनी त्याला पाइन वृक्षाची उपमा देतो. आपल्या डोळ्यांसमोर नाताळचे टोकदार झाड येते आणि सगळा अर्थ चुकतो. इटलीतला हा पाइन म्हणजे उंच सरळ खोड आणि वर पसरलेली छत्री. मामाने जवळून पाहण्यासाठी हलकी नाव काढायला सांगितली आणि भाच्याला ‘येतोस का’ विचारले. भाचा म्हणाला, मी अभ्यास करतो. लिहायला विषय मामानेच दिलेला होता. तेवढ्यात डोंगराच्या पायथ्याशी राहणाऱ्या रेक्टिना नावाच्या बाईची मदतीसाठी चिठ्ठी आली आणि मामाने मोठी जहाजे बाहेर काढली. इथे मामा भाच्याच्या नजरेआड होतो.

पुढचे सगळे ऐकीव. किनारा ढिगाऱ्याने अडला म्हणून स्टॅबिये गावी पोम्पोनियानुस या मित्राकडे जाणे, तिथे स्नान, जेवण, झोप. अंगणात साचत गेलेली राख, डोक्यावर उशा बांधून बाहेर पडणे, किनाऱ्यावर अंथरलेल्या कापडावर पडून दोनदा पाणी मागणे. मामा खरेच झोपला होता, याला प्लिनी पुरावा देतो : दाराशी असलेल्यांना त्याचे घोरणे ऐकू येत होते. वकिली केलेला माणूस आहे, साक्षीदार उभा करून पुढे जातो. शेवटी दोन गुलामांच्या आधाराने मामा उठतो आणि कोसळतो. या वाक्यात एक छोटा शब्द आहे, ‘कोल्लिगो’. मी असे ताडतो. दाट धुराने श्वास कोंडला, हे प्लिनीचे अनुमान आहे, आणि तो ते अनुमान म्हणूनच नोंदवतो. पाव शतकानंतर, मामाची कीर्ती अमर व्हावी म्हणून लिहिलेल्या पत्रात त्याने हा शब्द गाळला असता तर कुणाला कळले नसते. माझ्या मते या पत्रातला सर्वांत मोलाचा शब्द हाच. घाईच्या भाषांतरात तो पहिला गळतो.

पण काही गोष्टी हे पत्र सांगतच नाही. रेक्टिनाचे काय झाले? बाकीची जहाजे कुठे गेली? किती लोक वाचले? या प्रवासाला इतिहासातली पहिली मोठी बचावमोहीम म्हणण्याची पद्धत आहे. हेतू तसा होता खरा. फळाबद्दल पत्र गप्प आहे. हर्क्युलेनियमच्या जुन्या किनाऱ्यावर, नावा ठेवण्याच्या कमानींखाली, १९८० नंतरच्या उत्खननात सुमारे ३०० माणसांचे सांगाडे सापडले. ते समुद्राकडे तोंड करून कशाची वाट पाहत होते, हे वेगळे सांगायला नको.

विसावे पत्र जवळजवळ सगळे प्रत्यक्षाचे, आणि म्हणून जास्त खरखरीत. धरणीकंप चालू असताना मुलगा लिव्हीचा ग्रंथ मागवून उतारे काढत बसतो. मामाचा स्पेनहून आलेला स्नेही आई-मुलाला यावरून फटकारतो. हे धैर्य म्हणावे की अविचार, हे प्लिनी स्वतःच ठरवत नाही. मग समुद्र मागे हटतो, जलचर वाळूवर पडतात. काळा ढग जमिनीवर उतरून समुद्र झाकतो, काप्री बेट दिसेनासे होते. आई म्हणते, मला सोडून तू पळ. तो तिचा हात धरून चालायला लावतो. अंधार कसा, तर बंद खोलीतला दिवा मालवल्यावर होतो तसा.

ढग वर जायचा सोडून खाली उतरतो, हे वर्णन वाचकांना बराच काळ अलंकारिक वाटले. १९०२ साली मार्टिनिक बेटावर पेले पर्वताच्या तप्त राखेच्या लोटाने सेंट पिएर शहर नष्ट केले, तेव्हा असे लोट शास्त्रज्ञांच्या अभ्यासाचा विषय झाले. वर गेलेला स्तंभ स्वतःच्या भाराने कोसळतो आणि उष्ण वायू-राखेचा लोंढा जमिनीलगत धावतो. मुलाने जे दिसले तेच लिहिले होते. अशा उंच स्तंभाच्या उद्रेकाला आज ‘प्लिनियन’ म्हणतात.

उद्रेकाची तारीख मात्र पत्रातूनही ठाम हाती लागत नाही. प्रमाण मानलेल्या हस्तलिखितात सप्टेंबरच्या पहिल्या दिवसापूर्वीचा नववा दिवस आहे. दोन्ही टोके धरून मोजायची रोमन रीत लावली की २४ ऑगस्ट येतो. इतर हस्तलिखितांत पाठभेद आहेत. ज्ञानेश्वरीच्या पाठशुद्धीची परंपरा माहीत असलेल्याला यात नवल नाही. नकलाकाराचा हात आकड्यांवरच सर्वांत लवकर घसरतो. पाँपेईत डाळिंबासारखी शरदातली फळे मिळाली, आणि २०१८ मध्ये एका भिंतीवर कोळशाने लिहिलेली १७ ऑक्टोबरची नोंद सापडली. तिच्यावर साल नाही, त्यामुळे वाद मिटलेला नाही. पण कोळशाची रेघ फार टिकत नाही, म्हणून माझे मत शरदाकडे झुकते. हेही अर्थात ताडलेलेच.

प्लिनीने टॅसिटसला बजावले होते की, पत्र वेगळे आणि इतिहास वेगळा. माझ्या मजकुरातले महत्त्वाचे तेवढे तू निवड. स्वतःच्या अनुभवाचे दुसरे पत्र तर इतिहासात घेण्याच्या लायकीचे नाही, असेही त्याने लिहिले. टॅसिटसच्या ‘हिस्टोरिए’ची पहिली चार पुस्तके आणि पाचव्याचा काही भाग आज उरला आहे. कथन इसवी सन ७० पाशी तुटते. ७९ सालची पाने, त्यांत मामाबद्दल जे काही लिहिले असेल त्यासकट, नाहीशी झाली आहेत.